द्वारकेवरून जाणारा गारवा

जानेवारी सरत आला की नाशिकच्या द्वारका चौकावरच्या उड्डाणपुलावरून पांढरे, बिनखिडक्यांचे, चाळीस फुटी डबे मुंबईच्या दिशेने जायला लागतात आणि एप्रिलपर्यंत त्यांची ये-जा चालू राहते. पिंपळगाव बसवंत, ओझर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यातली द्राक्षं त्यांत भरलेली असतात. पुढे इगतपुरी, कसारा घाट, भिवंडी करत हे डबे उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात पोचतात आणि तिथून जहाजाने युरोपला जातात. खाली चौकात पुणे रस्ता आणि आग्रा रस्ता एकमेकांत अडकलेले असतात, रिक्षांचे हॉर्न चालू असतात, मार्चच्या दुपारी डांबर तापून मऊ झालेलं असतं. वर पुलावरून जाणाऱ्या डब्यात मात्र शून्य ते एक अंश सेल्सिअस. डबा ओढणाऱ्या गाडीला चालक मंडळी ‘घोडा’ म्हणतात. घोडा पुढे, डबा मागे, दोघांना जोडणारी एक खीळ आणि काही नळ्या-तारा. मग मागच्या डब्यातल्या फ्रीजला वीज कुठून मिळते? अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मोटारीमागे चाकांवरचं घर जोडून सुट्टीला निघणाऱ्या मराठी कुटुंबालाही हाच प्रश्न पडतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून तो आपल्याकडेही हळूहळू विचारला जाऊ लागला आहे. उत्तर शोधताना सगळे आधी वायर, बॅटरी आणि जनरेटरकडे बघतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्न निम्म्यातून सुरू होतो. गाडी हलण्याआधी काय झालं यावर त्याचं बरंचसं उत्तर ठरलेलं असतं.

आधी विजेचं सरळ उत्तर देऊन टाकू. द्राक्षाच्या कंटेनरला, म्हणजे व्यापारी भाषेतल्या ‘रीफर’ला, घरासारखी सिंगल फेज वीज चालत नाही. त्याला चारशे व्होल्टच्या घरातली थ्री फेज वीज लागते आणि तिच्यासाठी ३२ अँपिअरचा चार पिनांचा जाड प्लग असतो. घोड्याच्या इंजिनावरचा आल्टर्नेटर २४ व्होल्टचा. त्याने शंभर अँपिअर दिले तरी हिशेब २.४ किलोवॅटवर थांबतो, आणि तेवढ्यात त्याला स्वतःचे दिवे आणि बॅटरीही सांभाळायची असते. रीफरचं यंत्र सरासरी तीन-चार किलोवॅट खातं, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून बरंच जास्त मागतं. म्हणून घोड्याच्या विजेवर हा डबा चालत नाही. त्यासाठी वेगळा डिझेल जनसेट लागतो. तो डब्याच्या तोंडाशी वरच्या बाजूला अडकवतात, त्याला क्लिप-ऑन म्हणतात, किंवा ट्रेलरच्या पोटाखाली बसवतात. साधारण पंधरा किलोवॅटचा हा जनसेट ताशी दोन-तीन लिटर डिझेल पितो. पुलाखाली उभं राहिलं तर घोड्याच्या घरघरीपेक्षा वेगळा, एकसुरी, शिवणयंत्रासारखा आवाज येतो तो याचाच. बंदरात पोचल्यावर जनसेट बंद होतो, डबा यार्डातल्या प्लगला लागतो, आणि जहाजावर चढला की जहाजाच्या प्लगला. रस्ता, यार्ड, जहाज अशी तीन ठिकाणं आणि तीन वेगवेगळे वीजपुरवठे. या तिन्हींच्या मध्ये थोडा थोडा वेळ डबा कुणाच्याच विजेवर नसतो. तेवढ्याने द्राक्षं का नासत नाहीत, हे समजलं की बाकीचं कोडं आपोआप उलगडतं.

त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल, पण तो वीजबिलाच्या युनिटमध्येच करू. एका चाळीस फुटी डब्यात तेरा टन द्राक्षं धरा. द्राक्ष म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे एक किलो द्राक्ष एक अंशाने थंड करायला सुमारे ३.७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. बागेतून आलेला माल २५ अंशांचा असेल आणि तो एक अंशावर आणायचा असेल, तर तेरा टनांतून जवळपास ३२० युनिट उष्णता बाहेर काढायला हवी. आता दुसरी बाजू पाहा. माल आधीच एक अंशावर आहे, बाहेर ३७ अंश आहेत, आणि डब्याच्या जाड फोमच्या भिंतींतून दर अंशामागे चाळीसएक वॅट उष्णता आत झिरपते. म्हणजे दीड किलोवॅटच्या आत-बाहेर. आतल्या पंख्यांची उष्णता आणि द्राक्षांचा स्वतःचा श्वास धरून दोन किलोवॅट म्हणू. पिंपळगावहून न्हावा शेव्यापर्यंत घाट, टोल आणि बंदराबाहेरची रांग धरून सात तास लागले, तर वाटेत काढायची उष्णता झाली चौदा युनिट. एकीकडे ३२०, दुसरीकडे १४. फ्रीजची खरी मेहनत कुठली, हे या दोन आकड्यांतच दिसतं. आणखी एक गंमत. तेरा टन द्राक्षं एका अंशाने तापायला सुमारे तेरा युनिट उष्णता लागते. म्हणजे जनसेट पिंपळगावलाच बंद पडला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तरी बंदरात पोचेपर्यंत मालाचं सरासरी तापमान जेमतेम एका अंशाने चढेल. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात भिंतीलगतच्या पेट्या जास्त तापतात, त्याकडे पुढे येईन. पण मुद्दा ध्यानात यावा: या डब्यातली सर्वांत मोठी बॅटरी म्हणजे थंड केलेली द्राक्षंच.

ही बॅटरी भरली जाते पॅकहाऊसमध्ये. निर्यातीची द्राक्षं पहाटे, ऊन चढायच्या आत तोडतात, क्रेटमध्ये सावलीतून आणतात, खराब मणी कात्रीने काढून, वजन करून पेट्या भरतात. प्रत्येक पेटीत घडांवर एक पांढरा कागदी थर ठेवतात. हा ग्रेप गार्ड, ओलाव्याने त्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशीला आळा बसतो. यानंतरची खोली महत्त्वाची. तिला प्री-कूलिंग म्हणतात आणि बाहेरून ती साध्या कोल्ड स्टोअरेजसारखीच दिसते. आत मात्र पेट्यांच्या दोन उंच रांगा समोरासमोर लावून मध्ये बोळ ठेवलेला असतो, वरून ताडपत्री टाकून तो बोळ झाकलेला असतो, आणि टोकाचा मोठा पंखा बोळातली हवा ओढत असतो. बोळातली हवा ओढली गेली की खोलीतल्या थंड हवेला आत शिरायला एकच वाट उरते, ती पेट्यांच्या भोकांमधून, घडांच्या मधून. साध्या शीतगृहात हीच हवा पेट्यांच्या बाहेरून वाहून जाते आणि पेटीच्या गाभ्यातला घड दिवस-दिवस कोमट राहतो. इथे सहा ते आठ तासांत काम होतं. मग कामगार सुईसारखा प्रोब पेटीच्या मधल्या घडातल्या एका मण्यात खुपसतो आणि गराचं तापमान बघतो. हवा किती थंड आहे हे कुणी विचारत नाही, गर किती थंड आहे ते विचारतात. एक-दोन अंश दिसले की माल भरायला तयार. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स असो की पिंपळगावचा एखादा छोटा निर्यातदार, या सुईपुढे सगळे सारखेच. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, फक्त उतरत जातं. आधी देठ वाळून तपकिरी होतो, मग मणी सैल पडतात, मग गळतात. हिरवा देठ हा लंडनच्या किंवा रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी ताजेपणाचा दाखला असतो, आणि तो दाखला तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत मिळतो किंवा कायमचा जातो.

कंटेनर बनवणारे आणि जहाज कंपन्याही हे लपवत नाहीत. रीफर माल थंड करण्यासाठी नसून थंड माल थंड ठेवण्यासाठी आहे, ही सूचना या धंद्यात अगदी पाठ असते. डब्याची जमीनसुद्धा तेच सांगते. ती सपाट नसते, इंग्रजी टी अक्षरासारख्या पट्ट्यांची असते. थंड हवा त्या पट्ट्यांखालून मागपर्यंत जाते, मालाभोवतीने वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत येते. माल भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर रचायचा नाही, नाहीतर परतीची वाट बंद. या हवेचं काम मालाभोवती थंड पांघरूण घालण्याचं आहे. पेटीच्या गाभ्यापर्यंत घुसण्याइतका जोर तिच्यात नसतो. याला अपवाद आहे, तो सांगितला पाहिजे. केळी जगभर अनेकदा कोमटच भरतात आणि डब्यातच थंड होऊ देतात. पण केळीला १३-१४ अंशच हवे असतात, एक अंश नाही. त्यातही हवा गाभ्यातून जाईल अशा खास पेट्या लागतात, आणि तरीही गार व्हायला काही दिवस जातात. जळगावच्या केळीवाल्याला परवडणारी सवय निफाडच्या द्राक्षवाल्याने उचलली तर पेटी उघडताना रडायची वेळ येईल.

कुणाला वाटेल की हे निर्यातीच्या थाटाचं प्रकरण आहे, बाकीच्यांना काय त्याचं. उलट आहे. आपल्या रस्त्यांवर यंत्राशिवाय धावणारा गारवा पूर्वीपासून आहे, फक्त आपण त्याला फ्रीज म्हणत नाही. दुधाचा टँकर घ्या. स्टीलची टाकी, भोवती फोमचा थर, वरून पत्रा. कॉम्प्रेसर नाही, जनसेट नाही, काही नाही. दूध शीतकरण केंद्रात चार अंशांपर्यंत उतरवून टाकीत भरलं की रात्रभर मुंबईपर्यंत जातं आणि एखाद-दोन अंशांनीच वाढतं, कारण इतक्या टन दुधाला तापायला वेळ लागतो. कुल्फीवाल्याचा माठ घ्या. बर्फात मीठ टाकलं की मिश्रण शून्याच्या खाली घसरतं, मिठाचं प्रमाण नेमकं जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत जातं, आणि त्या गारव्यावर कुल्फी संध्याकाळभर गल्लीत फिरते. आइसक्रीमच्या अनेक गाड्यांत याच माठाची सुधारलेली आवृत्ती असते. डब्याच्या भिंतींना आतून धातूच्या चपट्या पेट्या लावलेल्या असतात, त्यांत क्षारांचं द्रावण असतं. रात्री गाडी डेपोत प्लगला लावायची, द्रावण गोठवायचं, सकाळी प्लग काढायचा आणि दिवसभर दुकानोदुकानी फिरायचं. इंजिन चालू असो की बंद, पेट्या वितळता वितळता थंडी देत राहतात. आरोग्य केंद्रातून गावात जाणारी लसीची पेटीही तशीच. तिच्यात चार बर्फाच्या बाटल्या असतात, पण फ्रीजरमधून काढल्या आणि भरल्या असं चालत नाही, कारण काही लशी गोठल्या की वाया जातात. बाटल्या बाहेर ठेवायच्या, मधून मधून कानाशी धरून हलवायच्या, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच पेटीत. कारण वितळू लागलेला बर्फ शून्याच्या खाली जात नाही, आणि पूर्ण वितळेपर्यंत शून्याच्या वरही फारसा जात नाही. या सगळ्यांनी एकच केलं: मेहनत मुक्कामावर उरकली, वाटेवर फक्त राखण ठेवली.

मग गाडीवर शीतयंत्र बसवायची गरजच का पडली? १९३० च्या दशकापर्यंत अमेरिकेतही नाशवंत माल बर्फ भरलेल्या डब्यांतून जात होता. बर्फ वितळला आणि वाटेत नवा मिळाला नाही तर माल गेला. १९३८ च्या सुमारास मिनियापोलिसमध्ये फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या फारसं शालेय शिक्षण न मिळालेल्या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने रस्त्याचे धक्के सोसणारं, ट्रकच्या डब्यावर बसणारं शीतयंत्र तयार केलं. त्याचा मालक जोसेफ न्यूमेरो याच्याबरोबर उभी राहिलेली कंपनी पुढे थर्मो किंग या नावाने जगभर गेली. द्वारकेवरून जाणाऱ्या कैक डब्यांच्या आणि ट्रकांच्या तोंडावर आजही ते नाव दिसतं. जोन्सने बर्फ हटवला, पण बर्फामागचा हिशेब हटवला नाही. त्याचं यंत्रही गळती भरून काढण्यासाठीच होतं. फरक इतकाच की बर्फ संपतो, डिझेल वाटेत कुठेही मिळतं.

लहान गाड्यांत तर ही मर्यादा द्वारका चौकातच उघडी पडते. औषधं, पनीर, गोठवलेला वाटाणा नेणाऱ्या छोट्या थंड टेम्पोंना वेगळा जनसेट परवडत नाही. त्यांचा कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. हमरस्त्यावर इंजिन जोरात तर कॉम्प्रेसरही जोरात. चौकात खोळंबा झाला, इंजिन मंद गुरगुरत राहिलं की थंडीही मंदावते, आणि चालकाने डिझेल वाचवायला चावी फिरवली की ती थांबतेच. गाडी जास्तीत जास्त तापते ती उभी असताना, आणि यंत्र कमीत कमी काम करतं तेही उभी असतानाच. ज्या टेम्पोत माल नीट गारठवून भरलेला असतो त्याला अर्धा तास द्वारकेत काढल्याने काही होत नाही. ज्याने ‘वाटेत होईल थंड’ म्हणून कोमट खोकी चढवली, त्याचा माल मात्र मुंबईपर्यंतही गार होत नाही. पुष्कळ टेम्पोंना बाजूला वीज जोडायची एक सोय दिलेली असते, म्हणजे रात्री गोदामात प्लग लावून डबा आणि माल गार करता येईल. ती पिन कित्येक गाड्यांवर धूळ खात पडलेली दिसते.

आता चाकांवरच्या घराकडे वळू, कारण तिथे हीच चूक जास्त सुशिक्षित माणसं करतात. ओढायच्या घरांत पूर्वापार बसवला जाणारा फ्रीज कॉम्प्रेसरचा नसतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेला हा प्रकार आहे. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या बंद नळ्यांना खालून उष्णता द्यायची, वर थंडी मिळते. आवाज नाही, हलणारा भाग नाही. उष्णता गॅसच्या ज्योतीची असू शकते, घरच्या विजेची असू शकते किंवा गाडीच्या १२ व्होल्टची, म्हणूनच याला थ्री-वे फ्रीज म्हणतात. मुक्कामावर गॅस किंवा वीज, आणि ओढताना १२ व्होल्ट, अशी त्याची मांडणी. गॅस चालू ठेवून गाडी चालवणं पेट्रोल पंपावर आणि बोगद्यात धोक्याचं. पण १२ व्होल्टवर या फ्रीजची ताकद फारच तुटपुंजी. १७० वॅटची कांडी धरली तरी प्रत्यक्ष थंडी मिळते तिच्या पाव भागाच्या आसपास, म्हणजे चाळीसएक वॅट. त्यातली निम्मी भिंतींतून आणि दारातून येणारी उष्णता हुसकण्यातच खर्च होते. वीस किलो कोमट भाजी, दूध, फळं ३० अंशांवरून पाचपर्यंत उतरवायला अर्धा युनिट उष्णता काढावी लागते. उरलेल्या वीस वॅटनी ते काम करायला बसलं तर पूर्ण दिवस गेला. नाशिकहून निघून गोव्यात पोचला तरी दही कोमटच.

त्यात तारेची चोरी वेगळीच. बॅटरी मोटारीच्या बॉनेटखाली, फ्रीज मागच्या घरात. जाऊन-येऊन सोळा मीटर तार धरा. ती दीड चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा रोध ०.१८ ओहमच्या आसपास येतो. ऐकायला नगण्य, पण तेरा अँपिअर वाहिले की त्यात जवळपास अडीच व्होल्ट हरवतात. आल्टर्नेटरने साडेतेरा दिले, फ्रीजला अकरा मिळाले. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे पाचवा हिस्सा व्होल्ट गेले की एक तृतीयांश उष्णता जाते. वर जोडाच्या पिना गंजलेल्या असतील, अर्थिंग घराच्या लोखंडी सांगाड्यातून आणलं असेल, तर आणखी तूट. उपाय गुप्त नाही: जाड तार, स्वतंत्र अर्थ, स्वच्छ पिना, आणि इंजिन बंद झालं की फ्रीजची वीज तोडणारा रिले. शेवटचा विसरला तर चहाला थांबलेल्या अर्ध्या तासात फ्रीज मोटारीची बॅटरी पिऊन टाकायला लागतो आणि चहा संपल्यावर धक्का मारणाऱ्यांची शोधाशोध सुरू होते.

इथे जाणकार वाचक म्हणेल, हे सगळं जुनं झालं. आता १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रीज आहेत, लिथियम बॅटरी आहे, व्होल्टेज वाढवून देणारे चार्जर आहेत, छतावर सोलर आहे. बरोबर आहे, आणि नवं घर बांधणाऱ्याने तेच घ्यावं असं मीही म्हणेन. कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना पन्नासएक वॅट खातो, निम्मा वेळ बंद राहतो आणि तेवढ्यात जुन्या फ्रीजपेक्षा कितीतरी जास्त थंडी देतो. दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज पुरते. महाराष्ट्राच्या उन्हात शंभर वॅटचा पॅनेल चारशे वॅट-तास देऊन जातो, म्हणजे दोन पॅनेलमध्ये फ्रीजचं भागतं. पण हे आकडेही कशाचे आहेत ते पाहा. आतला माल गार असताना गारवा टिकवण्याचे. गरम सामान भरून निघाल्यावर कॉम्प्रेसर तासन्‌तास थांबत नाही, बॅटरी झरझर उतरते, व्होल्टेज घसरलं की फ्रीज स्वतःचं रक्षण म्हणून बंद होतो, आणि मालक चार्जर बदलायच्या विचाराला लागतो. रिकाम्या लिथियम बॅटरीला थेट आल्टर्नेटर जोडला तर ती इतका प्रवाह ओढते की आल्टर्नेटरच तापून निकामी व्हायची वेळ येते, म्हणून मध्ये चार्जर लागतो. चांगली साधनं चांगलीच, पण ती पहिली चूक भरून काढायला आणलेली असतील तर ती महाग पडतात. कंटेनरवर सोलर का नको, असंही कुणी विचारतं. चाळीस फुटी छतावर फार तर पाच किलोवॅटचे पॅनेल मावतील, दिवसाला वीस-बावीस युनिट देतील. यंत्राला लागतात सत्तर-ऐंशी. शिवाय जहाजावर डब्यावर डबा चढतो, वरच्याच्या पोटाखाली सूर्य कुठून येणार?

याच्या उलट दिशेने येणारा आक्षेप जास्त वजनदार आहे. माल हीच बॅटरी असेल आणि यंत्र बंद पडलं तरी एकच अंश वाढत असेल, तर जनसेटचं डिझेल कशाला जाळायचं? दुधाच्या टँकरसारखं फोमवर भागवा. यात तीन अडचणी आहेत. पहिली, सरासरी फसवी असते. दूध हेलकावत मिसळत राहतं, द्राक्षं पेटीत स्थिर असतात, त्यामुळे गाभा थंड राहतो आणि दाराजवळच्या, भिंतीलगतच्या पेट्या चार-सहा अंशांनी चढतात. त्या पुन्हा गार होताना मण्यांवर दव धरतं, आणि ओल्या मण्यावर करड्या बुरशीचं फावतं. दुसरी, द्राक्ष जिवंत आहे. एका अंशाला त्याचा श्वास इतका मंद असतो की तेरा टनांची उष्णता शंभर-सव्वाशे वॅट, एका जुन्या बल्बाएवढी. वीस अंशांना तीच किलोवॅटच्या आसपास जाते. म्हणजे थोडी ढिलाई स्वतःच पुढची उष्णता तयार करते. तिसरी, न्हावा शेवा हा शेवट नव्हे. सुएझमार्गे युरोप तीन-चार आठवड्यांचा, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा प्रवास आणखी लांबला. इतक्या दिवसांची गळती कुठलीही साठवण भरून काढू शकत नाही. म्हणून जनसेट हवाच, प्लग हवाच. माझा वाद यंत्र असण्याशी नाही, त्याच्यावर टाकलेल्या अपेक्षेशी आहे. डब्यातलं नोंदयंत्र पूर्ण प्रवासाचं तापमान लिहून ठेवतं, आणि पलीकडचा ग्राहक तो आलेख बघून भांडतो. पण त्या आलेखात हवेचं तापमान असतं. माल कोमट भरला असेल तर हवा पहिल्या तासात शून्यावर येते, गर चार दिवस दहावर राहतो, आणि कागद मात्र निर्दोष दिसतो.

पैशाचा प्रश्न उरतो. प्री-कूलिंग निर्यातदाराला परवडतं, पंचवटीच्या मार्केट यार्डात टोमॅटो, कोथिंबीर घेऊन येणाऱ्याने काय करायचं? तो त्याच्या परीने हाच हिशेब करतो आहे. भाजी संध्याकाळी भरून रात्री मुंबईला न्यायची, ओलं गोणपाट टाकायचं, ऊन चढायच्या आत वाशी गाठायची, म्हणजे रात्रीचीच थंडी वापरायची. पण सरकारी पैशाची दिशा वेगळी राहिली, हे २०१५ च्या एका देशव्यापी पाहणीत दिसलं. शीतसाखळीत काय किती हवं आणि काय किती आहे, याचा तो अंदाज होता. शीतगृहांची क्षमता हवी ३५१ लाख टन, होती ३१८ लाख टन, म्हणजे तूट दहाव्या हिस्स्याहूनही कमी. थंड गाड्या हव्यात जवळपास ६२ हजार, होत्या दहा हजारांच्या आत. आणि तोडणीनंतर लगेच माल गार करणारी पॅकहाऊस हवीत ७० हजार, होती २४९. शीतगृहं आपण बांधत गेलो कारण ती दिसतात, फीत कापता येते, बटाटा ठेवता येतो. गाड्यांना अनुदान देणं सोपं. बागेपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, चार-पाच गावांत मिळून एक प्री-कूलिंगची खोली आणि तिला आठ तास खात्रीची वीज, हे काम किचकट म्हणून मागे राहिलं. पण थंड गाडीत भरायला थंड मालच नसेल तर ती गाडी म्हणजे डिझेलवर चालणारं महागडं कपाट. पहिला रुपया खोलीवर, दुसरा गाडीवर, तिसरा गोदामावर, असा क्रम मी लावेन. नाशिकची द्राक्षं युरोपात टिकली ती बऱ्याच अंशी हा क्रम इथल्या निर्यातदारांनी आपणहून पाळला म्हणून.

तेव्हा कॅराव्हॅन भाड्याने घेऊन निघणार असाल तर बॅटरी किती मोठी, हे विचारण्याआधी गाडी आदल्या दिवशी ताब्यात मिळेल का ते विचारा. फ्रीज रात्रभर घरच्या प्लगवर लावा. दूध, भाज्या, पाण्याच्या बाटल्या घरच्या फ्रीजमधून थेट त्यात भरा, मोकळी जागा उरली तर गोठवलेल्या बाटल्या ठेवा. थर्मामीटर हवेत टांगू नका, पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवा. पाच अंश दाखवले की निघा. आणि कसारा घाट उतरेपर्यंत फ्रीजचं दार उघडू नका, पोरं कितीही मागे लागली तरी.